आधी पलंग कुठे ते ठरवा, मग दिवा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की आधी हजर होतो पीओपीवाला. त्याच्या डिझाइनमध्ये छतावर गोल भोकं आखलेली असतात, बेडरूममध्ये आठ, हॉलमध्ये बारा. छत नीटस दिसावं म्हणून ती सारख्या अंतरावर असतात. खाली पलंग येणार की कपाट, हे त्या चित्रात कुठेच नसतं. मग उशीला डोकं टेकलं की एक दिवा थेट डोळ्यांत, आणि कपाट उघडलं की आत काळोख.

म्हणून पहिला कागद जमिनीचा काढायचा. पलंग, कपाट, टीव्ही, जेवणाचं टेबल, देवघर मापाने मांडायचं आणि माणूस जिथे वाचतो, चिरतो, दाढी करतो तिथे फुली मारायची. भिंतीत चर पाडायच्या आधी हा कागद वायरमनच्या हातात हवा. नंतर सुचलेला पॉइंट म्हणजे पुन्हा तोडफोड, नाहीतर रंगवलेल्या भिंतीवर केसिंग-कॅपिंगची पट्टी. फॉल्स सीलिंग करायचं नसेल तर जास्तच सावध राहा. स्लॅब ओतताना जे पाइप टाकले तेवढेच छतातले पॉइंट. नव्या पॉइंटसाठी स्लॅब खोदायचा नसतो, आत सळ्या असतात. अशा घरात बहुतेक दिवे भिंतीवर येतात आणि त्यात काही कमीपणा नाही. छताकडे तोंड केलेला भिंतीवरचा दिवा पांढऱ्या छतावरून फार मऊ उजेड देतो.

किती दिवे, हा हिशेब वॉटमध्ये करू नका. खोक्यावर लुमेन, म्हणजे दिव्याचा एकूण उजेड, छापलेले असतात, ते बघा. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. बेडरूमला १५० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १५० लुमेन, भरपूर झाले. ११ गुणिले १५० म्हणजे १६५० लुमेन, पण भिंती, छत आणि दिव्यावरची धूळ यात बराच उजेड मरतो, म्हणून ०.६ ने भागायचं : २७५० लुमेन. ९ वॉटचा एलईडी बल्ब ९०० लुमेनच्या आसपास देतो, म्हणजे तीन बल्ब. भिंतभर गडद लॅमिनेट असेल तर चौथा. छतातल्या भोकांत बसवायचे हे दिवे, म्हणजे डाउनलाइट, आठ कशाला, हे पीओपीवाल्याला आता विचारता येईल.

त्यातही पंख्याचं गणित हमखास विसरलं जातं. ४८ इंची पंख्याची पाती मध्यापासून २ फूट जातात आणि छतापासून साधारण फूटभर खाली फिरतात. डाउनलाइटचा झोत तिरका पसरतो, फूटभर खाली येईपर्यंत बाजूलाही फूटभर जातो. म्हणून पंख्याच्या मध्यापासून ३ फुटांच्या आत दिवा ठेवला की पाती झोत कापतात आणि अख्खी खोली लपलपते. दांडी लांब असेल तर अंतर आणखी वाढवा. १० फुटी खोलीत मग भिंतीलगतची २ फुटांची पट्टी उरते. दिवे तिथेच, भिंतीपासून दीड फुटावर. भिंत उजळली की खोली मोठी दिसते, हा वर फायदा.

सगळ्यात जास्त चुकतं ते स्वयंपाकघर. मधोमध एक पॅनेल लाइट लावला की ओट्याशी उभं राहणाऱ्याची पाठ दिव्याकडे, आणि सावली नेमकी कोथिंबिरीवर. उपाय एकच : वरच्या कपाटांच्या तळाला एलईडीची पट्टी. ती कपाटाच्या पुढच्या कडेला, तोंड किंचित भिंतीकडे करून लावायची. मागे टाइल्सजवळ लावली तर टाइल्स झगमगतात, आणि चकचकीत ग्रॅनाइटमध्ये एलईडीचा एकेक ठिपका दिसतो. पट्टी ज्यात बसते त्या अॅल्युमिनियमच्या पन्हाळीवर, म्हणजे प्रोफाइलवर, दुधी झाकण हवंच. फोडणीचा चिकटा नुसत्या पट्टीवरून पुसता येत नाही. ८ फुटी ओट्याला सुमारे २.४ मीटर पट्टी, मीटरला १० वॉट धरले तर २४ वॉट. त्याला २४ वॉटचाच ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारा डबा, दिला तर तो कायम पूर्ण भारावर तापत राहतो. ३६ वॉटचा घ्या. १२ व्होल्टची पट्टी लांब आणि वायर बारीक असेल तर शेवटचं टोक मंद पडतं. २४ व्होल्टच्या पट्टीत तेवढ्याच उजेडाला निम्मा करंट लागतो, ही तक्रार बरीच कमी होते. ड्रायव्हर कपाटाच्या माथ्यावर ठेवा, पण शेगडीच्या वर नको.

एलईडी दिवा ‘गेला’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा आतला ड्रायव्हर गेलेला असतो, तोही उष्णतेने. डाउनलाइटच्या वर हवा खेळायला दोनेक इंच मोकळी जागा ठेवा. आणि दिवे आधी विकत घ्या, भोकं नंतर पाडा. कटआउटचं माप कंपनीगणिक बदलतं. त्याच खरेदीत दोन नग जादा घेऊन माळ्यावर टाका, कारण पुढच्या लॉटची पांढऱ्याची छटा जुळेलच असं नाही.

छटेबद्दल थोडक्यात : ती केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. दुकानदार न विचारता ६५०० केल्विन हातात ठेवतो. तो दवाखान्याला शोभतो. हॉल आणि बेडरूमला ३०००, ओटा आणि अभ्यासाच्या टेबलाला ४०००. एका खोलीच्या मुख्य दिव्यांत दोन छटा मिसळू नका. देवघरात २७००च हवा. निरांजनाशेजारी पांढरा दिवा लावला की पितळेचे देव फिकट पडतात. आरशाचा दिवा वरून नको, चेहऱ्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंना, सीआरआय ९० चा, म्हणजे रंग खरे दाखवणारा.

वायरिंगमध्ये तीन गोष्टी स्वतः तपासा. बेडरूमचा मुख्य दिवा टू-वे हवा, एक बटण दाराशी, एक उशीशी, गादीच्या वर सहा-आठ इंचांवर. स्मार्ट स्विच आज नको असले तरी प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणून ठेवायला सांगा, बहुतेक स्मार्ट स्विचना तो लागतो. आणि इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल बाकीच्या सर्किटशी जोडलेला नको, नाहीतर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, विनाकारण पडत राहतो.

बंद केलेला बल्ब रात्री मिणमिणतो ही तक्रारही इथलीच. फेजऐवजी न्यूट्रल स्विचमधून नेला असेल तर असं होतं, आणि ते धोक्याचंही आहे : बटण बंद असताना होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. फेज बरोबर असेल तर दोष बहुतेकदा स्विचमधल्या छोट्या इंडिकेटरचा. त्यातून गळणारा किंचित करंट एलईडीला पुरतो. तिथे बिनइंडिकेटरचं बटण बसवलं की काम झालं.

बाल्कनीच्या छताला एक हूक आणि त्याशेजारी पॉइंट, बटण घरात. नाहीतर दिवाळीत आकाशकंदिलाची वायर दर वर्षी सरकत्या दाराच्या फटीतून येते आणि दार लागत नाही. पावसाची झड येत असेल तर तिथला कायमचा दिवा आयपी ६५ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा.

चर बुजवायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढा, टेपवरचे आकडे वाचता येतील असे. पुढे तसबिरीसाठी ड्रिल लावताना पाइप कुठून गेलाय, ते त्या फोटोतच सापडतं.