स्कूटीच्या डिकीतलं किट

आज कोपरखैरण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं. जास्त वेळ रक्तस्रावावरच गेला, आणि ते योग्यच. मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या गर्दीतून १०८ ची गाडी तेवढ्यात पोचेलच असं नाही. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी जोर लावून दाबायचं, सारखं उचलून बघायचं नाही. हातापायाचं रक्त तरीही थांबेना, तर टूर्निकेट, म्हणजे दांडीने पिळून आवळायचा पट्टा: जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत पिळायचं, वेळ लिहायची. सोडायचं डॉक्टरांनीच. माझ्या दंडावर आवळलं तेव्हा कळ मस्तकात गेली. दुखतं म्हणून सैल करायचं नाही, असं शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं.

सीपीआरही केला, म्हणजे हृदय बंद पडलं तर छातीवर द्यायचे दाब, मिनिटाला १०० ते १२०. हात भरून आले.

शेजारच्या काकांना पोलिसांच्या चौकशीची धास्ती. म्हणून मुद्दाम सांगते: मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४अ अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. हे प्रत्येक रिक्षा स्टँडवर लिहिलेलं हवं!

डिकीत आता टूर्निकेट, गॉझ, हातमोजे, कात्री आणि मार्कर आहे. टूर्निकेट मात्र खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या, नकली असेल तर पिळताना दांडी तुटते.