चोर्ल्याच्या माथ्यावर हद्दीचे दगड: या हिवाळ्याची नोंद

गोव्याच्या जुन्या हद्दीचे दगड शोधताना यंदा कड्याची धार सोडून सडा, म्हणजे माथ्यावरचं सपाट कातळी पठार, धरला, आणि दगड मिळू लागले.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढताना अंजुणे धरणाचं पाणी खाली राहतं आणि डोंगराची धार दोन्ही हातांना पसरते. खाली गोवा, वर घाट, एवढी सोपी हद्द असेल असं तिथे उभं राहिल्यावर वाटतं. पण सुर्ला गाव घाटमाथ्यावर आहे आणि ते गोव्यात आहे. म्हणजे या भागात सीमारेषा धार ओलांडून पठारावर जाते. तुटलेला कडा ही स्वतःच हद्द असते, तिथे दगड पुरायचं कारण नव्हतं. सपाट सड्यावर मात्र पाणी कुठल्या अंगाला वाहतं हे पाऊस असल्याशिवाय डोळ्याला कळत नाही, आणि तिथे गुराख्याला, वाटसरूला, जकातवाल्याला समोर दिसणारी खूण लागते. माझी शोधाची सगळी मांडणी आता याच एका गोष्टीवर आहे: धार जिथे संदिग्ध होते तिथे आणि घाटवाट जिथे हद्द ओलांडते तिथे आधी बघायचं.

या कोपऱ्यात आज गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक भेटतात. स्वातंत्र्यापूर्वी इथे पोर्तुगिजांचा मुलूख, सावंतवाडी संस्थान आणि इंग्रजांचा बेळगाव जिल्हा असे तिघे शेजारी होते. डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले, त्यातलं पेडणे १७८८ मध्ये. पुढे १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने दोन मुलखांमधली जकात उठली आणि गोव्यातल्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला. १८९२ मध्ये तह संपला, तशी घाटवाटांवर जकात परत आली. मीठ, नारळ आणि सुकी मासळी घेऊन वर जाणाऱ्या बैलांच्या तांड्यांसाठी ही रेषा म्हणजे खिशाला बसणारी गोष्ट होती. १९ डिसेंबर १९६१ नंतर ती देशातली अंतर्गत सीमा झाली. दगड कुणी उपटून न्यायला आलं नाही, हे आपलं भाग्य.

आता या मोसमातला सगळ्यात चांगला दगड. सड्यावर गुरं घेऊन आलेल्या एका धनगर मामांना विचारलं, "मामा, इकडे उभा पुरलेला जुना दगड आहे का कुठे?" ते म्हणाले, "कोयत्याला धार लावतो तो? चला." करवंदीच्या जाळीमागे, जुनी पायवाट पठारावर चढते तिथे, गुडघ्याएवढा काळा दगड उभा होता. पायाखाली सगळा जांभा आणि हा मात्र काळ्या पाषाणाचा, चारी बाजूंनी घडलेला. म्हणजे तो मुद्दाम आणून रोवलेला आहे. एका कडेला कोयते घासून घासून तळहाताएवढी गुळगुळीत खोबण पडली आहे. दर्शनी बाजूवर छिन्नीच्या खुणा आहेत, पण अक्षर म्हणावं असं काही उरलेलं नाही. मामांच्या वडिलांच्या वेळेपासून तो असाच आहे. त्याच्याशेजारी उभं राहून नजर टाकली तर सड्याच्या पलीकडच्या उंचवट्यावर दुसरा तसाच दगड दिसला, आणि मला खरा आनंद त्याचाच झाला. एका दगडापाशी उभं राहिल्यावर पुढचा दिसावा, या हिशेबाने लावलेली ती रांग आहे. एकटा घडीव दगड कशाचाही असू शकतो. रांग लागली की हद्द म्हणायला आधार मिळतो.

दगडांची गल्लत होते ती अशी. वनखात्याचे रचलेले ढीग वेगळे, त्यांवर चुना किंवा रंगाने आकडा असतो. कातळावर कोरलेलं वर्तुळ आणि मध्ये टिंब दिसलं, तर ती सर्वेक्षणाच्या त्रिकोणमितीय ठाण्याची खूण, तिचा हद्दीशी संबंध असेलच असं नाही. चंद्र-सूर्य कोरलेला गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड, दान दिलेल्या जमिनीवर, गावाजवळ असतो, त्याची माथ्यावर वाट बघू नये. आणि गावच्या शिवेवर राखणदार किंवा देवचार म्हणून पुजलेला दगड असेल, त्यापुढे फूल, विडी किंवा रोट ठेवलेला असेल, तर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये, फोटोसुद्धा काढू नये. तो दगड जिवंत देवस्थान आहे, आपल्या छंदाची वस्तू नव्हे.

कामाची पद्धत सांगतो. सर्व्हे ऑफ इंडियाचा ४८ आय/२ हा नकाशा हाताशी ठेवा. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर वीस मीटर उंचीला आहेत. दोन रेषांमधलं अंतर जिथे खूप वाढतं आणि सीमारेषा तरीही वळण घेते, ती वळणं आधी टिपून घ्या. दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं असतं, तेव्हा काही दिसत नाही. गवत वाळून आडवं झालं की जानेवारी-फेब्रुवारीत उघड होतं. कोरीव काम बघायला सकाळी किंवा संध्याकाळी, सूर्य कलता असताना जा, दुपारच्या उन्हात सगळं सपाट दिसतं. दगडफूल खरवडू नका, खडूने अक्षरं भरू नका. पाणी शिंपडून बाजूने विजेरीचा उजेड टाकला तरी पुष्कळ वाचता येतं. प्रत्येक दगडाचा फोटो चारही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि पुढच्या दगडाची दिशा होकायंत्रावर. ही दिशा लिहून ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

हा भाग म्हादई अभयारण्याला लागून आहे. अभयारण्यात पाऊल टाकायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि ती घेतलीच पाहिजे. वाघांचा वावर इथे खरा आहे. एकट्याने जाऊ नये, आणि सूर्य मावळायच्या आत उतरायला लागावं.

पुढचा टप्पा सुर्ल्याकडून तीन राज्यांच्या संगमाकडे जाणाऱ्या सड्याचा. परवानगीचा अर्ज दिला आहे. विर्डीच्या अंगाने, म्हणजे दोडामार्गाकडून कुणी चढत असेल, तर तिकडच्या दगडांच्या दिशा मला हव्या आहेत. दोन्हीकडच्या रांगा नकाशावर जोडून बघता येतील.