आमची वाटचाल : इतवारीची चक्की ते वेबसाइट

१९८७ साली बाबांनी नागपूरच्या इतवारीत चक्की टाकली. तिखट, हळद, धने दळून द्यायचे. पुढे मी हाताशी आले आणि सावजी मसाला, काळा मसाला आम्ही पाकिटांत विकू लागलो. तो भाग इथे लांबवत नाही. दुकानात आलात की बाबा स्वतःच सांगतात.

वेबसाइट मात्र आम्हाला दोनदा करावी लागली. पहिल्यांदा ज्याने करून दिली, त्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतलं होतं. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. त्याचा नंबर बदलला, डोमेनची मुदत संपली आणि पाच हजार पाकिटांवर छापलेला पत्ता गेला. बाबा आठवडाभर पाकिटांवर स्टिकर चिकटवत बसले होते. म्हणून धंदा करणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते: डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा) आपल्याच नावावर, आपल्याच ईमेलवर घ्या. पासवर्ड आपल्या वहीत हवा.

दुसऱ्यांदा धरमपेठेतली एक मुलगी भेटली. रंग, डिझाइन काहीच न विचारता म्हणाली, "ताई, मला दोन दिवस गल्ल्याजवळ बसू द्या." बसली, आणि फोनवर गिऱ्हाईक जे जे विचारेल ते लिहीत गेली. मिरची भिवापुरीच आहे ना? (भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हे सगळेच विचारतात.) कांदा-लसूण आहे का? किलोभर मटणाला मसाला किती?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडेही नव्हतं. आई अंदाजाने टाकायची. मग काटा घेऊन स्वयंपाकघरात बसलो, तीन रविवार रस्सा केला, तेव्हा कुठे चमच्याचं माप ठरलं. आज साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जातं ते हेच पान.

दरपत्रकानेही घाम काढला. ते छपाईवाल्यांच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये होतं. दिसायला मराठी, पण आतले कोड इंग्रजी अक्षरांचे. साइटवर टाकलं की नुसता गिचमिडकाला. बेचाळीस जिन्नस मी रात्री बसून युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे कोड असतात त्या पद्धतीत, पुन्हा टाइप केले. त्याशिवाय 'सावजी मसाला' असं मराठीत शोधणाऱ्याला आमचं पान सापडलंच नसतं.

दर बदलायला आता त्या धरमपेठेतल्या मुलीला फोन करावा लागत नाही, तिने मला शिकवून ठेवलंय. यंदा कळमन्याच्या बाजारात नवी मिरची उतरली, त्याच संध्याकाळी नवे दर मीच चढवले.