हात बघ तिचा

सिनेमातल्या बाईने लाटणं हातात घेतलं की आमच्या घरी पुढचे संवाद ऐकू येत नाहीत. आई बोलायला लागते. "पिठी कुठाय? पिठी नाही लावलेली, चिकटणार आता." मग, "मनगट फिरत नाही हिचं, नुसती दाबतेय." आणि शेवटी निकाल: "हिने जन्मात पोळी केलेली नाही." पडद्यावर ती बाई तेव्हा नवऱ्याला सोडून जाण्याबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगत असते, मागे व्हायोलिन वाजत असतं, पण आमच्या सोफ्यावर तिची पत गेलेली असते. जिची पोळी खोटी, तिचा संसार आई खरा मानत नाही.

तिला अधिकार आहे. डोंबिवलीत एका पोळी-भाजी केंद्रासाठी तिने २२ वर्षं पोळ्या लाटल्या, रोजच्या दोनशेच्या आसपास. माझं शिक्षण त्या पोळ्यांवर झालं आणि त्यातलेच पैसे वाचवून मी कॉलेजात असताना प्रभात चित्र मंडळाचं सभासदत्व घेतलं. १९६८ पासून मुंबईकरांना जगभरचे सिनेमे दाखवणारी ही मंडळी. तिथे मी शहाणा झालो, निदान तसं मला वाटायचं. 'चौकट', 'अवकाश', 'दिग्दर्शकाची भूमिका' असे शब्द वहीत टिपून घ्यायचो आणि घरी येऊन आईला ऐकवायचो. ती म्हणायची, "बरं. जेवून घे." आईला सिनेमा कळत नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

गेल्या पावसाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती अडीच महिने माझ्याकडे राहायला आली. बाथरूम जवळ पडावं म्हणून तिचा पलंग हॉलमध्ये टाकला. टीव्हीही हॉलमध्येच. म्हणजे मी जे लावीन ते तिने बघायचं, किंवा भिंतीकडे तोंड करून झोपायचं. तिला झोप येत नव्हती.

पहिल्याच रात्री एका बड्या हिरोचा मारधाडपट लावला. नाव राहू दे. त्यात चाळीला आग लागते आणि हा गडी दोन हातांत दोन सिलिंडर घेऊन धुरातून ताठ मानेने बाहेर येतो. आई म्हणाली, "रिकामे आहेत." मी म्हटलं, अगं, हिरो आहे तो. "असू दे. भरलेला सिलिंडर घेऊन माणूस असा चालत नाही." हिशेब बरोबर होता. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, वर टाकीचं साधारण तेवढंच वजन. तसे दोन हातांत असले की चाल बदलते, मान आत जाते, गळ्याच्या शिरा दिसायला लागतात. याचा केसही हलला नव्हता. त्या दिवसापासून मला पडद्यावर सगळीकडे रिकामपणच दिसायला लागलं. माहेरी निघालेल्या सुनेची बॅग रिकामी, ऑफिसातल्या साहेबाचा कप रिकामा, भाजीच्या पिशवीत वर डोकावणारी कोथिंबीर आणि खाली बहुतेक वर्तमानपत्र.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आईला इंग्रजी सबटायटल्स त्या वेगाने वाचता येत नाहीत. चष्मा लावून पहिले दोन शब्द होईपर्यंत ओळ गेलेली असते. त्यामुळे परभाषेतला सिनेमा असला की ती खालची पट्टी सोडून देते आणि वर बघते. हात बघते. मी गेली तीस वर्षं खालची पट्टी वाचतोय.

'लापता लेडीज'ला पट्टीचा प्रश्न नव्हता. किरण रावचा हा २०२४ चा सिनेमा मला गोड वाटला, जरा जास्तच गोड. सगळे धागे शेवटी असे जुळतात की लग्नाच्या याद्याही इतक्या जुळत नाहीत. पान चघळणारा तो लाचखाऊ फौजदार ऐनवेळी इतका भला निघतो की रवी किशनने केलाय म्हणूनच खपून जातो. आईला फौजदारात रस नव्हता. तिची नजर स्टेशनवरच्या चहाच्या टपरीवर, मंजू माईवर. छाया कदम. "हिला काम येतं," आई म्हणाली. आमच्या घरात याच्या वरचा पुरस्कार नाही. ही बाई 'फँड्री'त जब्याची आई होती, 'सैराट'मध्येही होती, हे मी सांगितलं. तरुणपणी राज्य पातळीवर कबड्डी खेळायची, हेही सांगितलं. "तरीच," आई म्हणाली, "उभी राहते बघ कशी. दिवसभर टपरीवर उभं राहणारी बाई दोन्ही पायांवर सारखी उभी राहत नाही. एक पाय विसाव्याला असतो."

हरवलेली नवरी, फूल, त्या टपरीवर कलाकंद करते आणि मंजू माई तिच्या हातावर कमाईचे पैसे ठेवते, तिथे मी आईकडे बघितलं. डोळे वगैरे भरून आले असतील असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मला पहिल्या महिन्याला ८४ रुपये कमी दिले होते. पोळ्या चुकीच्या मोजल्या त्यांनी." मग थोड्या वेळाने, "मी काही बोलले नाही. पुढच्या महिन्यापासून मी पण मोजायला लागले."

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मी थिएटरात आधी एकट्याने बघितला होता. पायल कपाडियाच्या या सिनेमाला २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री मिळालं तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटायचाच बाकी होतो. बराचसा मल्याळममध्ये आहे. मुंबईतल्या इस्पितळात काम करणाऱ्या दोन केरळी नर्सेस, एका खोलीत राहतात. मोठीचा, प्रभाचा, नवरा जर्मनीत, त्याचा फोन नाही की पत्ता नाही. एक दिवस घरी लालभडक राइस कुकर येतो. सोबत चिठ्ठी नाही. रात्री ती जमिनीवर बसून तो कुकर मिठीत घेते. थिएटरात हे बघून मी 'वस्तूचं प्रतिमेत रूपांतर' असलं काहीतरी मनात जुळवत बसलो होतो.

आई ती पट्टी वाचत नव्हतीच. कुकर खोक्यातून निघाला तशी म्हणाली, "एवढा मोठा दोघींना कशाला?" मग जरा थांबून, "नवऱ्याने पाठवलाय ना? म्हणजे तो आता येत नाही."

कसं कळलं, विचारलं. "येणारा माणूस हातात घेऊन येतो."

छाया कदम यातही आहे. इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती. नवरा गिरणी कामगार होता, तो गेला, राहत्या जागेचा तिच्याकडे कागद नाही आणि बिल्डर दाराशी. शेवटी ती सामान बांधून रत्नागिरीकडे, गावाला परतते. दोघी नर्सेस तिला सोडायला सोबत जातात. आईचं माहेर राजापूरकडचं, त्यामुळे सिनेमा समुद्रापाशी पोचला आणि आमचं बघणंच थांबलं. घराची कौलं कशी आहेत, विहीर कुठे असेल, इतकी वर्षं बंद असलेल्या घरात पहिल्यांदा शिरताना आधी काय करतात (काठी आपटतात), यावर अर्धा तास गेला. समुद्रातून वाचवलेल्या माणसाशी प्रभा नवऱ्याशी बोलावं तशी बोलते, तो पुढचा प्रसंग मला दुसऱ्यांदा बघतानाही पूर्ण पटला नाही. तोवर इतका जमिनीवर चाललेला सिनेमा तिथे एकदम पाय उचलतो. आईला विचारलं तर म्हणाली, "एवढ्या लांब, एवढ्या मोकळ्या जागी आल्यावर तिला कधी ना कधी बोलायचंच होतं नवऱ्याशी. कोण का असेना समोर." माझं मत अजून तेच आहे, पण जरा कमी ठाम.

मग मी खोडसाळपणाच केला. 'जान डिएलमन' लावला. खरं नाव पोस्टाच्या पाकिटावर लिहावं तसं पत्त्यासकट आहे. शांताल अकरमनने १९७५ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी केलेला. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाने जगभरच्या समीक्षकांना विचारून यादी केली तेव्हा हा पहिल्या नंबरावर आला. लांबी तीन तास वीस मिनिटं. ब्रुसेल्समधली एक विधवा, शाळकरी मुलगा आणि घरकाम. ती भांडी घासते, अंथरूण घालते, कॉफी करते, खोलीतून बाहेर पडताना दिवा आठवणीने मालवते. कॅमेरा जागचा हलत नाही. प्रभातच्या दिवसांत मी हा मोठ्या अभिमानाने बघितला होता आणि मधला एक तास झोपलो होतो, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आईने तो तीन संध्याकाळी बघितला. सिनेमातही तीनच दिवस आहेत, त्यामुळे रोज एक. रोज दुपारी एक वेगळा माणूस घरी येतो, त्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला असणार. मी रिमोट घट्ट धरून बसलो होतो, पण दार लागलं आणि कॅमेरा सभ्यपणे बाहेर पॅसेजमध्ये थांबला. आई काही बोलली नाही. ती बाई मिळालेले पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकून झाकण ठेवायची, तेव्हा फक्त म्हणाली, "मी डाळीच्या डब्यात ठेवायचे."

दुसऱ्या संध्याकाळी आई अचानक उशीवरून उठून बसली. "झाकण राहिलं." मी बघितलंच नव्हतं. भांडं उघडंच होतं. नंतर स्वयंपाकघरात बटाटे जास्त शिजून गेले आणि ती बाई पातेलं हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत निरर्थक फिरली. शेवटी टाकून दिले, नवे आणले, सोलायला बसली. "हात बघ तिचा," आई म्हणाली. "कालचा हात नाही हा. सुरी कशी चालवतेय बघ. हिचं काहीतरी बिनसलंय, आता हे इथे थांबत नाही."

या सिनेमावर मी पुष्कळ वाचलंय. त्या सगळ्यात जे म्हटलंय ते आईने शब्द न वाचता, गुडघ्याखाली उशी घेऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी काय होतं ते इथे सांगत नाही. आईने मात्र आदल्या रात्रीच निम्मं ओळखलं होतं.

शेवटचा 'परफेक्ट डेज'. हा माझा अगदी लाडका. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स, सिनेमा जपानी. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा. पहाटे रस्ता झाडण्याच्या आवाजाने जागा होतो, अंथरुणाची घडी, रोपांना पाणी, दाराबाहेरच्या यंत्रातून कॉफीचा डबा, गाडीत जुन्या कॅसेट. कोजी याकुशोला यासाठी २०२३ मध्ये कानचं अभिनयाचं पारितोषिक मिळालं. मी हा सिनेमा इतक्या जणांना सुचवलाय की मित्र आता माझा फोन उचलत नाहीत.

आई सुरुवातीला खूश होती. मग शिगेरू बानने बांधलेलं ते काचेचं स्वच्छतागृह आलं, आतून कडी लावली की काच अपारदर्शक होणारं. मी कौतुकाने सांगत होतो की शिबुया भागात अशी १७ बांधलीत, मोठमोठ्या वास्तुरचनाकारांनी. आई म्हणाली, "हो, पण हा साफ काय करतोय? आधीच स्वच्छ आहेत सगळे."

बोट बरोबर दुखऱ्या जागेवर पडलं. खरंच, त्या अख्ख्या सिनेमात नाक मुरडावं असं काही दिसत नाही. घाणीच्या कामावरचा इतका सुगंधी सिनेमा दुसरा नसेल. मला 'कोर्ट' आठवला. चैतन्य ताम्हाणेच्या त्या सिनेमात मॅनहोलमध्ये उतरणारा माणूस पडद्यावर एकदाही दिसत नाही, कारण तो आधीच मेलाय. दिसते ती त्याची बायको, साक्षीला आलेली. ती सांगते की आत उतरण्याआधी तो झाकणातून खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचं. सरळ आवाजात सांगते, भाजीचा भाव सांगावा तसं. नंतर वकील गाडीतून सोडायला जातो आणि पैसे देऊ करतो, तर ती म्हणते, पैसे नकोत, काही काम असलं तर सांगा. हिरायामाची शांती मला हवीहवीशी वाटते हे खरं, पण त्या शांतीच्या भाड्याचे पैसे कोण भरतंय हा विचार आता डोक्यातून जात नाही.

हे सगळं मी आईला ऐकवत होतो, जुन्या सवयीने, जरा लांबणच लावून. तिचं लक्ष नव्हतं. हिरायामा छोटा आरसा घेऊन भांड्याच्या कडेखालचा, नजरेला न दिसणारा भाग तपासत होता.

"मागे घे," ती म्हणाली. मी मागे घेतलं. पुन्हा बघितलं. "आरसा," ती म्हणाली. "बघ. मला नाही सुचलं कधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करायला गेलो तर माझा आरसा जागेवर नव्हता. आई वॉकर ओट्याला टेकवून उभी होती. गुडघा वाकत नव्हता म्हणून तिने आरसा लांब दांड्याच्या झाऱ्याला रबरबँडने बांधला होता आणि ओट्याखाली धरून आत बघत होती. मला काहीच विचारलं नाही.

"सिलिंडरच्या मागे काय साठलंय ते बघ. सरकव तो."

मी एका हाताने कडं धरलं आणि ओढलं.

"भरलेला आहे," आई म्हणाली. "नीट धर."