ओसाकात दोघांत एक

ओसाकाला जोडीने जायचं तर निघण्याआधी एक ठराव करून टाकावा: कुठल्याही दुकानात पहिल्यांदा एकच प्लेट, दोघांत मिळून. शहर बघायला दोन दिवस पुरतात, खायला पोट पुरत नाही. पहिल्याच दुकानात प्रत्येकी एक मागवलं की पुढच्या तिन्ही दुकानांवर पाणी सोडावं लागतं.

सकाळ किल्ल्याला द्यावी. मुख्य मनोरा दिसतो झोकदार, पण तो १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलेला आहे. आत लिफ्ट आणि संग्रहालय. एकाला वर जायचंच असेल तर खुशाल जावं. दुसऱ्याने साकुरामोन दरवाजातून आत शिरताच समोर येणारा ‘ताकोइशी’ बघावा. तटात बसवलेला हा एकच दगड, दर्शनी भाग जवळपास ६० चौरस मीटर, वजन अंदाजे १०८ टन. खरा जुना किल्ला या दगडांत आहे, मनोऱ्यात नाही.

तिथून तानिमाची योन्चोमे स्टेशनवर मेट्रोची चुओ लाइन पकडायची, होम्माचीला उतरून मिदोसुजी लाइनने नाम्बा. मिदोसुजीचा एक डबा बायकांसाठी राखीव असतो, तोही कामाच्या दिवशी दिवसभर. नवरोबांनी फलाटावरच्या गुलाबी खुणा टाळून रांग धरावी. सरकत्या जिन्यावर उभं राहायचं उजवीकडे. तोक्योहून आलेले हमखास डावीकडे उभे राहून मागच्यांची वाट अडवतात.

नाम्बाजवळच्या दोतोनबोरी या खाऊगल्लीत पोचलात की ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपस घातलेले पिठाचे गोळे. तवा थेट आपल्या आप्पेपात्राच्या घराण्यातला, फक्त खळगे जास्त आणि जवळजवळ. पीठ आप्प्यांपेक्षा कितीतरी पातळ, ताकासारखं, आणि ते खळग्यांपुरतं न घालता सगळ्या तव्यावर लोटतात. वर ऑक्टोपसचा तुकडा, तळलेल्या पिठाचा चुरा, कांद्याची पात, लाल आलं. कडा धरल्या की टोचणीने मधलं पीठ चौकोनात कापायचं, गोळा पाव वळण फिरवायचा आणि बाहेर सांडलेलं पीठ आत कोंबायचं. मग उरलेलं वळण. घाई केली तर साल फाटते, उशीर केला तर गोळा पोकळ राहतो. दुकानासमोर हे बघत उभं राहणं किल्ल्याइतकंच प्रेक्षणीय आहे. आठची प्लेट घ्या, चार-चार. पहिला गोळा अख्खा तोंडात टाकू नका: बाहेरून कोमट लागतो, आत पीठ उकळत असतं. आधी काडीने भोक पाडून वाफ जाऊ द्यावी. खायचं दुकानापाशीच, आणि रिकामी प्लेट तिथेच द्यायची, कारण पुढे कचराकुंडी सापडेलच असं नाही.

ओकोनोमियाकीला, म्हणजे कोबीच्या जाडसर धिरड्याला, मात्र बसायचं. कोबी भरपूर, पीठ त्याला धरून ठेवण्यापुरतंच, वर डुकराच्या मांसाचे पातळ काप. शिजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून अगदी कडकडून भूक लागायच्या आतच जावं. उलथन्याने दाबायचा मोह आवरा. दाबलं की वाफ आणि हवा निघून जाते आणि कोबीचा दगड होतो. तवा टेबलातच असेल तर मिळालेला भाग कडेला ओढून ठेवावा, नाहीतर गप्पांच्या नादात खालून करपतो.

दोघांतलं एक शाकाहारी असेल तर गडबड इथेच होते. वरचे थरथरणारे बोनितो माशाचे पापुद्रे काढून घेतले की झालं, असं वाटतं. पण पीठच बहुधा माशाच्या दाशीत, म्हणजे उकळून काढलेल्या पाण्यात, कालवलेलं असतं. ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, दाशीचं वेगळं विचारावं लागतं. कित्सुने उदोन या जाड नूडल्सचंही तेच: वर गोडसर तळलेला तोफू, खाली मासे घातलेला रस्सा.

आणि आपला ठराव सगळीकडे चालत नाही. बसायच्या बऱ्याच दुकानांत माणशी एक पदार्थ मागवावाच लागतो. इझाकायात, म्हणजे जपानी दारूच्या गुत्त्यात, न मागता छोटी वाटी समोर येते आणि तिचे माणशी तीन-चारशे येन बिलात लागतात. ती फुकट नाही आणि फसवणूकही नाही, जागेचं भाडं समजा. टिप मात्र ठेवू नका, ती परत द्यायला पोरगा रस्त्यापर्यंत धावत येतो.