डीए सोडलं, पण सगळीकडे नाही

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. लेथच्या टूलना कार्बाईडच्या कठीण, कापणाऱ्या टिपा बसवणं हे मुख्य काम, आणि जोडीला अडकलेल्या पुली काढणं, पट्ट्या तापवून वाकवणं अशी किरकोळ कामं. टूल घेऊन येणारी माणसं, आयटीआयची पोरं, शेजारच्या शेडमधले वेल्डर, कुणीही आलं की निळ्या सिलिंडरकडे बघून एकच प्रश्न विचारतं: "डीए सोडून एलपीजीवर ब्रेझिंग करता? त्याची ज्योत थंड असते ना?" डीए म्हणजे मरून सिलिंडरमधलं ॲसिटिलीन. ब्रेझिंग म्हणजे मूळ धातू न वितळवता, मध्ये सिल्व्हर किंवा पितळी रॉड वितळवून दोन तुकडे जोडणं. इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

थंड म्हणजे किती थंड, ते आधी बघा. ऑक्सिजनबरोबर ॲसिटिलीनची ज्योत ३,१०० अंशांच्या वर जाते आणि एलपीजीतल्या प्रोपेनची २,८०० च्या आसपास. आता कामाला किती लागतं? सिल्व्हर रॉडला साधारण ६५० ते ७५०, पितळी रॉडला ९०० च्या आसपास. खुद्द पोलाद वितळायलाही १,५०० पुरतात. म्हणजे ब्रेझिंगसाठी दोन्ही ज्योती गरजेपेक्षा कितीतरी जास्त गरम आहेत. १८९५ साली फ्रान्समध्ये ल शातेलिए या रसायनशास्त्रज्ञाने ॲसिटिलीन आणि ऑक्सिजनच्या ज्योतीचं प्रचंड तापमान दाखवून दिलं. तेव्हापासून आपण त्या आकड्याकडेच बघत आलो. पण ज्योतीचं तापमान वेगळं आणि ज्योतीची धग वेगळी.

ॲसिटिलीनची धग बरीचशी आतल्या टोकदार शंकूत एकवटलेली असते. प्रोपेनचा आतला शंकू त्यामानाने मवाळ असतो, पण बाहेरच्या पिसाऱ्यात भरपूर धग असते. एक घनमीटर गॅस जाळला तर प्रोपेन एकूण उष्णता ॲसिटिलीनच्या दीडपटीहून जास्त देतो. फक्त ती पसरून देतो, आणि माझ्या कामाला पसरलेलीच हवी असते.

एक टूल बसवताना बघा. शँक, म्हणजे टूलचा दांडा, पोलादाचा आणि टिप टंगस्टन कार्बाईडची. तापल्यावर पोलाद कार्बाईडच्या दुप्पट फुगतं, गार होताना तेवढंच आक्रसतं. म्हणून दोघांच्या मध्ये सिल्व्हरची पट्टी घालतो, तिच्या पोटात तांब्याचा थर असतो. तो मऊ थर थोडा ओढला जातो आणि टिपेवरचा ताण घेतो. खाचेत फ्लक्स (तापताना धातू स्वच्छ ठेवणारा लेप), त्यावर पट्टी, पुन्हा फ्लक्स, वर टिप. ज्योत टिपेवर मारायची नाही, शँकला खालून आणि बाजूने द्यायची. आधी फ्लक्समधलं पाणी उकळतं, मग तो लाहीसारखा फुलून पांढरा होतो, मग बसतो, आणि ६०० अंशांच्या सुमाराला पाण्यासारखा नितळ होतो. माझा थर्मामीटर तोच. शँकला पिकल्या तोंडल्याचा लाल रंग येतो आणि पट्टी एकदम चकाकून वाहते. त्या क्षणी टोकदार सळईने टिप किंचित पुढे-मागे सरकवायची, म्हणजे अडकलेला फ्लक्स बाहेर येतो. मग दाबून धरायची. रंग उतरला की टूल कोरड्या राखेत पुरायचं. पाण्यात कधीच नाही.

डीएवर हेच काम करताना शंकू जरा टिपेकडे गेला की टिप एका कोपऱ्यात लाल व्हायची आणि शँक अजून काळाच असायचा. टिप बसायची, पण ग्राइंडरवर धार लावताना केसाएवढी चीर दिसायची. एलपीजीच्या रुंद ज्योतीने सगळा तुकडा बरोबरीने चढतो. नवीन पोराच्या हातूनही टिप वाचते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

सुरुवात मात्र चुकीने झाली. जुनी टॉर्च, जुनंच डीएचं नोझल, फक्त सिलिंडर बदललं. ज्योत नोझल सोडून पुढे उडायची आणि फटकन विझायची. दोन दिवस आम्ही गॅसलाच नावं ठेवली. खरं कारण साधं होतं. ऑक्सिजनमध्ये प्रोपेनच्या जळण्याचा वेग ॲसिटिलीनच्या साधारण एक तृतीयांश असतो. त्याला ज्योत धरून ठेवणारं, तोंडाशी खोलगट असलेलं वेगळं नोझल लागतं. पाइपही एलपीजीसाठीचाच घ्या. डीएचा जुना लाल पाइप वर्षभराने कापला तेव्हा रबर आतून चिकट झालं होतं. तो पाइप मी अजून ठेवलाय, पोरांना दाखवायला.

ज्योत लावायची सवयही बदलावी लागते. डीएमध्ये पांढरं पीस शंकूत मिटलं की ज्योत जुळली हे डोळ्यांना स्पष्ट दिसतं. एलपीजीत तसं पीस दिसत नाही. ऑक्सिजन हळूहळू वाढवत आतले शंकू आखूड आणि रेखीव होईपर्यंत जायचं. हात बसायला आठवडा लागला.

खर्चाचं विचाराल तर गॅस स्वस्त पडतो, पण ऑक्सिजनचा हिशेब धरा. ॲसिटिलीनला सिलिंडरमधून जवळपास गॅसइतकाच ऑक्सिजन लागतो, प्रोपेनला चौपटीच्या आसपास. ऑक्सिजनचं काळं सिलिंडर पूर्वीपेक्षा लवकर संपतं. हे न सांगता "एलपीजी निम्म्यात पडतो" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

तापवण्याच्या कामात मात्र फायदा निर्विवाद आहे. डीए सिलिंडरमधून तासाला साठ्याच्या सातव्या भागापेक्षा जास्त गॅस ओढू नये. जास्त ओढलात तर ज्या ॲसिटोनमध्ये गॅस विरघळलेला असतो, तेच बाहेर यायला लागतं. मोठं हीटिंग नोझल एका सिलिंडरवर चालवणं म्हणूनच धोक्याचं. एलपीजीला ही अडचण नाही. त्याची अडचण वेगळी: खूप ओढलं की सिलिंडर गार पडतं, बाहेरून हिम धरतं आणि दाब उतरतो. आपला एलपीजी प्रोपेन-ब्यूटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, पण ब्यूटेन शून्याच्या अगदी जवळ, म्हणून डिसेंबरच्या सकाळी हे जास्त जाणवतं. अशा वेळी दोन सिलिंडर जोडा. सिलिंडरला टॉर्चने शेक देणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय. कृपा करून असं कधी करू नका.

आणि वास आला तर वर नाही, खाली बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात आणि गटारीत साचतो. आमच्या शेडमध्ये एक खड्डा होता, तो मी आधी बुजवला आणि मगच पहिलं सिलिंडर आत घेतलं. दोन्ही लाइनला फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी पाइपात शिरू न देणारे अडसर, आहेत, आणि रोज सकाळी जोडांवर साबणाचं पाणी फिरतं. घरगुती लाल सिलिंडर वर्कशॉपला चालत नाही, ते बेकायदाही आहे.

पोलादाचं गॅस वेल्डिंग करत असाल तर मात्र डीए परत करू नका. ॲसिटिलीनची ज्योत वितळलेल्या पोलादाला हवेपासून जपते, प्रोपेनची तसं जपत नाही. जोड सच्छिद्र आणि ठिसूळ होतो. माझ्याकडेही एक मरून सिलिंडर कोपऱ्यात साखळीने बांधून उभं आहे. पातळ पत्र्याचा मडगार्ड आला की मी तेच उघडतो.