पूर्णगडच्या जिप्सीची चॅसी

मे महिन्याच्या अखेरीस, आंब्याचा हंगाम आवरत आला असताना, पूर्णगडजवळच्या एका बागायतदारांची मारुती जिप्सी टेम्पोवर चढवून आमच्या रत्नागिरीच्या गॅरेजमध्ये आणली गेली. मागच्या डाव्या पाट्याचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे हलता दुवा, चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, ज्या ब्रॅकेटने जोडलेले असते, तो ब्रॅकेटच उपटून निघाला होता. नोंदणीचे नूतनीकरणही तोंडावर आले होते. खासगी गाडीला 15 वर्षे झाली की पुढे दर 5 वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते, आणि असल्या चॅसीची गाडी आरटीओसमोर उभी करण्यात काही अर्थ नव्हता.

"अण्णा, बॉडी उचलल्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही," असे मी त्या बागायतदारांना म्हणालो आणि त्यांनी लगेच मान डोलावली.

जिप्सीची बॉडी वेगळी आणि शिडीच्या आकाराची चॅसी वेगळी, त्यामुळे बोल्ट, वायरिंग आणि नळ्या सोडवल्या की चेन-ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) बॉडी वर घेता येते. उघड्या पडलेल्या चॅसीवर मी लहान हातोडीने इंचाइंचाने ठोकत गेलो. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. मागच्या चाकांच्या वर मात्र तो बसका येऊ लागला आणि एका ठोक्यासरशी हातोडीचे टोक आत गेले. त्या भोकातून गंजाच्या पापुद्र्यांबरोबर ओलसर लाल माती आणि रेती बाहेर आली. पाणी निचरण्यासाठी ठेवलेली चॅसीची भोके जांभ्याच्या मातीने बुजली होती आणि खारट ओल वर्षानुवर्षे आतच राहिली होती. किनाऱ्यावरच्या गाड्या अशाच आतून खाल्ल्या जातात. बाहेरचा रंग शाबूत दिसतो म्हणून मालकाला पत्ता लागत नाही.

"अरे, नवी मिळत असती तर हिच्यावर कशाला खर्च केला असता?" अण्णा म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे होते. 1985 च्या डिसेंबरात बाजारात आलेली जिप्सी 970 सीसीच्या इंजिनावर सुरू झाली, 1996 मध्ये 1.3 लिटरची जिप्सी किंग आली, 2000 मध्ये त्याच इंजिनाला एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळे इंधन फवारणारी यंत्रणा) मिळून ताकद सुमारे 80 अश्वशक्तीवर गेली. पण पुढेमागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे आणि लो गिअरची (चढउतारावर जास्त जोर देणाऱ्या गिअरची) फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, ही मूळ बांधणी शेवटपर्यंत तीच राहिली. 2019 मध्ये सर्वसामान्यांसाठी तिचे बुकिंग थांबले. त्या वर्षी एप्रिलपासून एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम न होऊ देणारी यंत्रणा), जुलैपासून चालकाची एअरबॅग आणि ऑक्टोबरपासून धडक-चाचणीचे नियम विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या गाड्यांना लागू झाले, पाठोपाठ 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचे कडक निकष आले. एवढ्या जुन्या बांधणीला हे सारे पेलणारे नव्हते. हे नियम योग्यच आहेत, असे मी अण्णांनाही सांगितले. अपघातात चेपलेल्या गाड्या मी रोज पाहतो.

तरीही बागायतदाराची जी सोय गेली ती भरून आलेली नाही. टनाच्या आतबाहेर वजन, अरुंद अंग आणि मागे उघडी जागा असलेली ही गाडी पुढच्या चाकांचे हब (मधले तुंबे) हाताने लॉक करून लो गिअरमध्ये टाकली, की पेट्यांसकट सड्यावरून (जांभ्याच्या पठारावरून) बागेतली घाटी, म्हणजे उताराची वाट, उतरते. 2023 मध्ये आलेल्या पाच दारांच्या जिम्नीत शिडीची चॅसी आणि लो गिअर आहे, कॉइल स्प्रिंग आणि सहा एअरबॅगही आहेत, आणि गाडी म्हणून ती मला मनापासून आवडते. पण आंब्याच्या पेट्या रचायला ती केलेली नाही.

चॅसीवर नंबर कोरलेला असल्याने दुसरी चॅसी सरळ बसवून टाकता येत नाही, म्हणून आहे तीच वाचवायची ठरली. कुजलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापला आणि तेवढ्याच जाडीची प्लेट तिरप्या कडांनी वेल्ड केली. सरळ आडवा जोड दिला तर सगळा ताण त्या एका रेषेवर येऊन चॅसी तिथेच तडकते. ब्रॅकेट लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सीचा मिळाला. भोके मोकळी करून आत गंजरोधक मेण फवारले, मगच बॉडी खाली घेतली.

पावसाआधी तपासणी पार पडली. पावसाळा संपला की खालून गोड्या पाण्याने धुवायची आणि भोके तारेने मोकळी करायची, हे मी अण्णांच्या गड्यालाही दाखवून ठेवले. ही गाडी हायवेने मुंबईला न्यायची नाही, ही माझी अट अण्णांनी मान्य केली. त्या प्रवासासाठी मुलाची एअरबॅगवाली गाडी घरात आहेच.